न मागितलेले भाडे

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिले नाही. डोळ्यांचे निमित्त होते, पण खरे सांगायचे तर आळसच. आज लिहायला बसलो त्याला कारण आमची नात. सख्खी नव्हे, पुतण्याची मुलगी; पण आमच्याकडे असा भेद कुणी करत नाही. एम. कॉम. करते आहे. दिवाळीच्या सुट्टीत देगलूरला आली ती हातात छापील कागदांचा गठ्ठा घेऊनच. प्रकल्पाचा विषय : कोरोना काळात लघुव्यवसायांच्या कामगिरीवर परिणाम करणारे घटक. चाळीस दुकानदारांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. "आबा, तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्ही चला सोबत," म्हणाली. बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानदारांच्या हातावर मी कधी ना कधी छडी मारलेली आहे, त्यामुळे ओळखतात हे खरे.

तर चार दिवस आम्ही दोघे दुकानोदुकानी फिरलो. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. एका दुकानदाराने विचारले, "गुरुजी, तटस्थ म्हणजे काय?" हा शब्द मीच त्याला सातवीत शिकवला होता. असो.

'संकटकाळात आपण डिजिटल माध्यमांचा अवलंब केलात' असा एक प्रश्न होता. किराणावाला हसायलाच लागला. म्हणाला, "लोकं फोनवर यादी सांगायचे, म्या पोराच्या हातानं पिशवी धाडायचो. पैसे फोनवर आले तर आले, नाहीतर वहीत. त्याला अवलंब म्हणतेत का?" नातीने 'सहमत' वर खूण केली.

मला त्या कागदातला 'कामगिरी' हा शब्दच खटकत राहिला. मराठीचा मास्तर, खोड जात नाही. कामगिरी म्हणजे माणसाने स्वतः केलेले काही. त्या दोन वर्षांत इथल्या दुकानांचे जे झाले त्यातले किती दुकानदाराने केले आणि किती त्याच्यावर येऊन पडले? प्रश्नावलीत सगळे घटक दुकानदाराच्या अंगचे : जिद्द, नियोजन, तंत्रज्ञान, नवी कल्पना. माझे मत असे, की बहुतेकांचा निकाल कुणी जिद्द दाखवण्याच्या आधीच लागला होता. २२ मार्च २०२० च्या रविवारी, जनता कर्फ्यूच्या दिवशी, दुकानात कुठला माल भरलेला होता, सरकारच्या कुठल्या यादीत ते दुकान बसत होते आणि दुकानाच्या भिंती कुणाच्या मालकीच्या होत्या, या तीन गोष्टींनी.

आधी माल घ्या. आपल्याकडचा छोटा व्यापारी वर्षभर सारखा धंदा करत नाही. तो दोन-तीन हंगामांवर जगतो. लग्नसराई हा त्यातला मोठा. त्यासाठी कापडवाले, भांडीवाले, बांगडीवाले माघ-फाल्गुनातच नांदेडहून, हैदराबादहून माल उचलतात, तोही बराचसा उधारीवर. २०२० चा पाडवा आठवतो का? २५ मार्च. देशभरची टाळेबंदी सुरू झाली तो पहिला दिवस. कपाटे काठोकाठ भरलेली आणि शटर खाली. पुढच्या वर्षी तरी? २०२१ मध्ये आपल्या नांदेड जिल्ह्यात २५ मार्चपासून ४ एप्रिलपर्यंत जिल्ह्याची टाळेबंदी, तिच्यामागोमाग राज्याचे निर्बंध, आणि १३ एप्रिलला, पुन्हा नेमके पाडव्यालाच, संध्याकाळी जाहीर झाले की उद्या रात्री आठपासून कडक संचारबंदी. त्यानंतर हुकूम आला की लग्नाला २५ माणसे, कार्य दोन तासांत उरकायचे, मोडले तर पन्नास हजार दंड. २५ माणसांत आमच्याकडे नवरीच्या माम्याही मावत नाहीत! पण हसण्यावारी नेण्यासारखे ते नव्हते. त्या दोन तासांच्या लग्नाला मंडप नाही, बँड नाही, आचारी नाही, आहेराची लुगडी नाहीत, रुखवताची भांडी नाहीत. रमजानच्या खरेदीचेही दोन्ही वर्षी तेच झाले. भांड्यांच्या दुकानदाराने किती जिद्द दाखवली असती तर पितळी घागरी खपल्या असत्या?

दुसरी गोष्ट यादीची. किराणा, औषधे, दूध, पिठाची गिरणी, बी-बियाणे, खते हे 'अत्यावश्यक'. बाकीचे सगळे नाही. मी या यादीविरुद्ध नाही, रोग खरा होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपले आमदार रावसाहेब अंतापूरकर कोरोनाच्या आजारपणात गेले, आणि आमच्या गल्लीतून त्या महिन्यात गेलेली माणसे मला बोटांवर मोजता येत नाहीत. पण यादी करणाऱ्याला हे दिसत नसावे, की सायकलचे पंक्चर काढणारा आणि चप्पल शिवणारा याच्या घरी संध्याकाळचे पीठ त्याच दिवशीच्या कमाईतून येते. न्हाव्यांचे तर हालच. २८ जून २०२० पासून दुकान उघडायला परवानगी मिळाली ती फक्त केस कापायला. दाढी करायची नाही! खेड्यातून येणारा माणूस केस दोन महिन्यांनी कापतो, दाढीला मात्र आठवड्याला येतो. म्हणजे दुकान उघडे आणि धंदा बंद.

तुम्ही म्हणाल, यादीतले तरी सुखी असतील. मलाही तसेच वाटायचे. किराणा दुकानांपुढच्या रांगा बघून आम्ही ओट्यावर बसून म्हणायचो, यांची चांदी आहे. नातीसोबत गेलो तेव्हा त्याच किराणावाल्याने वही काढून दाखवली. एरवी ठोक व्यापारी त्याला पंधरा दिवस, महिना उधारी देतो आणि तो गिऱ्हाइकाला देतो. साखळी चालत राहते. टाळेबंदी लागताच वरच्याने हात आखडला : रोख द्या, माल न्या. खालचा गिऱ्हाईक मजुरीवाला, त्याचे काम बंद, तो म्हणतो लिहून ठेवा. नाही म्हणावे तर चार पिढ्यांची ओळख. अशा रीतीने विक्री वाढत गेली आणि गल्ला रिकामा होत गेला. नफा वहीत आणि देणे दारात. नातीने सांगितले की अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२० मध्ये पाच हजारांहून अधिक छोट्या व्यवसायांची पाहणी केली होती. महिन्याचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर असलेल्या मधल्या फळीतल्या धंद्याकडे जेमतेम दोन आठवड्यांची रोकड निघाली. तिथे ही गत, तर देगलूरचे काय घेऊन बसलात. फरक एवढाच की तिथली पुंजी बँकेत मोजता येते, आमच्याकडची पुंजी लाल कापडाच्या वहीत, दुसऱ्यांच्या नावावर पडलेली असते.

ती उधारी कुणी फेडली हे विचाराल तर उत्तर पुन्हा शेताकडे जाते. आपला बाजार पोळ्याच्या सुमारास मुगा-उडदावर आणि दिवाळीत सोयाबीनवर चालतो. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात किती जणांचे सोयाबीन उगवलेच नाही ते आठवा. बियाण्यांच्या तक्रारी थेट औरंगाबादच्या खंडपीठापर्यंत गेल्या. दुबार पेरणी करून जे आले ते काढणीच्या वेळच्या पावसात भिजले. पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेले, पण तोपर्यंत छोट्या शेतकऱ्याच्या घरात विकायला पोते राहिले नव्हते. किराणावाला म्हणाला, "भाव वाढल्याची बातमी पेपरात वाचली, गुरुजी. वहीत न्हाई दिसली."

प्रश्नावलीत नसलेला आणखी एक घटक, जो पुण्या-मुंबईच्या मंडळींच्या लक्षात येणार नाही. आपले गाव हद्दीवरचे. एका अंगाला तेलंगणाचे मदनूर, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातले औराद. १९५६ पर्यंत हे सगळे एकाच हैदराबाद राज्यात होते. रेघ नकाशावर पडली. सोयरिकी आणि गिऱ्हाइकी तशाच राहिल्या. आमचे दुकानदार तेलुगूत भाव सांगतात, कन्नडमध्ये घासाघीस करतात. २०२० च्या मार्चमध्ये त्या रेघेवर पहिल्यांदा पोलीस उभे राहिले आणि निम्मी गिऱ्हाइकी पलीकडे राहिली. २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना तपासणीचा दाखला लावला. मे महिन्यात तर गंमतच : तेलंगणाची सूट सकाळी सहा ते दहा, आमची सात ते अकरा. शंभर रुपयांच्या खरेदीसाठी दोन राज्यांची घड्याळे कोण जुळवणार?

(एक सांगायचे राहिले. मंडपवाल्याला नातीने विचारले, तुमचा धंदा कशामुळे सावरला. तो म्हणाला, पोटनिवडणुकीमुळे. ३० ऑक्टोबर २०२१ च्या मतदानाआधीच्या महिनाभरात खुर्च्या, मंडप, चहा, गाड्या यांना दीड वर्षात पहिल्यांदा बरे दिवस आले. त्यासाठी प्रश्नावलीत चौकोन नव्हता.)

मग सरकारी मदत? मे २०२० मध्ये वीस लाख कोटींची घोषणा ऐकून आम्ही शून्ये मोजली होती. त्यातले तीन लाख कोटी छोट्या उद्योगांना बिनतारण कर्ज म्हणून. पण कुणाला? २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्या नावावर आधीच कर्ज बाकी होते त्याला, त्या बाकीच्या वीस टक्के. आमच्या पेठेतला जुना माणूस अभिमानाने सांगतो, 'आयुष्यात बँकेचे एक रुपयाचे कर्ज काढले नाही.' त्याच्या त्या अभिमानाचे वीस टक्के किती होतात? शून्य. फेरीवाल्यांना जून २०२० पासून दहा हजारांची योजना आली, ती मात्र बऱ्यापैकी पोचली, हे मान्य करायला हवे. नगरपरिषदेत रांगा लागल्या होत्या. तरी तेही कर्जच. बंद पडलेल्या हातगाडीवर कर्ज चढवले म्हणून ती चालू लागत नाही. गिऱ्हाईक लागते. आणि किराणा-कापडवाल्यांना 'सूक्ष्म उद्योगां'च्या नोंदणीत घेतले ते जुलै २०२१ मध्ये, दोन्ही लाटा होऊन गेल्यावर.

बँकांच्या हप्त्यांचेही तसेच. आधी तीन महिने, मग आणखी तीन, ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ता न भरण्याची मुभा. पुष्कळांना वाटले माफ झाला. व्याज आत चालूच होते. व्याजावरचे व्याज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर परत मिळाले, मूळ व्याज कुणी सोडले नाही. तेव्हा मी ओट्यावर बसून सगळ्यांना समजावून सांगत असे, की बाबांनो, पुढे ढकलणे म्हणजे माफ करणे नव्हे, दोन्ही क्रियापदे वेगळी आहेत.

आता तिसरी गोष्ट, भिंतींची. इथे मला दुसऱ्यांविषयी लिहून चालणार नाही.

आमच्या घरातल्या मंडळींना माहीत आहे, आपल्या घराच्या रस्त्याकडच्या बाजूला एक गाळा आहे. त्यात सतरा-अठरा वर्षे एक टेलर होता. माझाच विद्यार्थी, मागच्या बाकावरचा, अभ्यासात यथातथा पण अक्षर सुंदर. लोक त्याला टेलरमास्तर म्हणत आणि मला गुरुजी. एका दारात दोन मास्तर, अशी थट्टा चालायची. शाळांचे गणवेश ही त्याची खासियत. मे-जूनमध्ये रात्री दोनपर्यंत मशीन चालायची, दोन कारागीर असायचे. त्या दोन महिन्यांवर त्याचे वर्ष.

१६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या. जून गेला, पुढचाही जून गेला. पहिली ते चौथीचे वर्ग भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधल्या काळात त्याने उरलेल्या आकाशी आणि खाकी कापडाचे मास्क शिवून पाहिले. पंधरा रुपयाला एक. नातीच्या भाषेत 'नवीन कल्पना, पूर्ण सहमत'. चार-सहा महिने थोडेबहुत खपले. मग कारखान्यांतले मास्क आले, २०२० च्या ऑक्टोबरात सरकारने तीनपदरी मास्कची किंमतच तीन-चार रुपयांवर बांधून दिली. ती जिद्दही तिथे संपली.

१ एप्रिल २०२० ला, दुकान आठ दिवस बंद असताना, त्याने मुलाच्या हाती भाड्याचे अडीच हजार पाठवले. मी घेतले. हिने विचारले, "कशाचं भाडं घेतलं हो?" मी म्हणालो, त्याने आपण होऊन पाठवले. पुढे राज्य सरकारच्या गृहनिर्माण खात्याने घरमालकांना सूचना दिली, की किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकला. ती बातमी मी दोनदा वाचली. ती घरभाड्याची होती, दुकानाच्या गाळ्याचा उल्लेख नव्हता, आणि मला हायसे वाटले. माझे निवृत्तिवेतन तेव्हा महिन्याच्या महिन्याला खात्यावर येत होते, हे इथे लिहून ठेवतो.

मे महिन्यापासून त्याने भाडे पाठवले नाही. मीही मागितले नाही. डिसेंबरपर्यंत आठ महिने. जानेवारी ते मार्च त्याने दिले. पुन्हा एप्रिल ते सप्टेंबर सहा महिने नाही, पुन्हा मी मागितले नाही. दारात भेटला की तो नजर चुकवायचा, मी मुद्दाम हवापाण्याचे बोलायचो. मला वाटायचे आपण फार मोठेपणाने वागतो आहोत. दोन-तीन ठिकाणी मी ते बोलूनही दाखवले.

त्याच्याकडे वही होती. चौदा महिने, पस्तीस हजार. २०२२ चा हंगाम झाल्यावर तो घरी आला आणि सगळी रक्कम टेबलावर ठेवली. महिनावार यादी, त्याच सुंदर अक्षरात. "गुरुजी, मोजून घ्या." मी म्हणालो, अरे, कशाला एवढी घाई, राहू दे थोडे. 'थोडे' म्हणालो. तो म्हणाला, "राहू दे तर तवाच म्हणायला पाहिजे होतं, गुरुजी. दोन वर्सं झोपताना रोज तेवढी बेरीज करायलो." आवाज चढवून नव्हे, अगदी शांतपणे.

दोन दिवसांनी गाळ्यावरून जाताना कोपरा मोकळा दिसला. पिको-फॉलची मशीन आणि दोन शिलाई मशीनपैकी एक विकलेली होती. एका मशीनवर गणवेशाचा हंगाम निघत नाही. पुढच्या वर्षी त्याने किल्ली आणून दिली. आता घरीच शिवतो, फॉल-बिडिंग आणि जुन्या कपड्यांची दुरुस्ती. गाळ्यात मोबाइलचे दुकान आहे, भाडे चार हजार.

१९७२ च्या दुष्काळात दुकाने उघडी होती, लोकांच्या हातात पैसा नव्हता. तेव्हा मी तरुण होतो, घरमालक नव्हतो, आणि घरमालकांविषयी माझी मते फार स्पष्ट होती.

नातीला मी त्याच्या घरीही घेऊन गेलो. तिच्या चाळिसात एक कमी पडत होता. त्याने सगळे चौकोन नीट वाचून भरले. 'जागेचे भाडे हा अडचणीचा घटक ठरला' यापुढे जरा थांबला, माझ्याकडे न बघता खूण केली आणि कागद उलटा करून तिच्या हातात दिला. तिने काय खूण आहे ते सांगितले नाही, मीही विचारले नाही.

निघताना मी सोबत नेलेला सदरा दिला. बाह्या लांब झाल्या होत्या, आखूड करायच्या होत्या. गाळ्यात होता तेव्हा माझ्या असल्या कामाचे त्याने कधी पैसे घेतले नव्हते. परवा सदरा आणायला गेलो आणि सवयीने विचारले, "किती झाले रे?"

"साठ द्या," म्हणाला.

दिले.